हसणारे चार, गप्प सात

नववीतल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. बारा जण. एकाने वर्गातल्या एका मुलीचा फोटो टाकला आणि खाली तिच्या शरीराबद्दल काहीतरी घाणेरडं लिहिलं. चौघांनी लगेच हसण्याचे इमोजी टाकले. राहिलेल्या सातांनी ते पाहिलं आणि फोन बाजूला ठेवला. या सातांपैकी एकेकाला वेगळं गाठून विचारलं की तुला ते वाचून काय वाटलं, तर बरेच जण म्हणतील, नाही आवडलं. मग विचारा, बाकीच्यांना काय वाटलं असेल? त्यावर उत्तर येईल, त्यांना काय, त्यांना मजाच आली असणार.

मुलग्यांवरच्या मित्रांच्या दबावाबद्दल बोलताना आपलं सगळं लक्ष त्या फोटो टाकणाऱ्याकडे असतं, फार तर हसणाऱ्या चौघांकडे. मला अडचण त्या सातांची वाटते. मर्दानगीच्या ज्या कल्पना मुलांचं आणि त्यांच्या आसपासच्या सगळ्यांचंच नुकसान करतात, त्या बहुतेक मुलांना मनातून फारशा पटलेल्या नसतात. पण बाकी सगळ्यांना त्या पटल्या आहेत अशी प्रत्येकाची खात्री असते, आणि त्या खात्रीवरच त्या जगतात. हे खरं असेल, तर एकेका मुलाला समोर बसवून आपण जे उपदेश करतो त्यातले बरेचसे वाया जातात.

समाजमानसशास्त्राला ही गोष्ट जुनी आहे. १९९३ साली डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना दारूविषयी दोन प्रश्न विचारले. इथल्या दारू पिण्याच्या पद्धतीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि इथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला काय वाटत असेल? बहुतेकांना स्वतःला त्या प्रकाराबद्दल अस्वस्थता होती आणि इतरांना ती नाही असं वाटत होतं. म्हणजे जवळजवळ सगळेच स्वतःला अपवाद समजत होते. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मुलग्यांची मतं त्या काल्पनिक ‘सर्वसाधारण’ मताकडे सरकलेली होती. मुलींची सरकली नव्हती. बहुमत मुळात नव्हतंच. पण मुलगे त्याला सामील व्हायला निघाले होते.

मुलगेच का? याचं एक उत्तर जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन या संशोधकांच्या कामात मिळतं. त्यांचं म्हणणं असं की बाईपण वयाबरोबर आपोआप येतं असं समाज धरून चालतो, पुरुषपण मात्र कमवावं लागतं आणि कमावलेलं कधीही हातचं जाऊ शकतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं कुणाला, तर मुख्यतः दुसऱ्या पुरुषांना. त्यांच्या एका प्रयोगात काही पुरुषांना एका पुतळ्याच्या डोक्यावरच्या केसांची वेणी घालायला सांगितलं आणि काहींना दोरी विणायला. बोटांची हालचाल तीच. त्यानंतर दोन्ही गटांना विचारलं की आता कोडं सोडवायचं की पंचिंग बॅगवर ठोसे मारायचे. वेणी घातलेल्यांनी ठोसे जास्त पसंत केले. थोड्या वेळाची वेणी, तीही प्रयोगशाळेत, आणि तेवढ्यानेही कुठेतरी भरपाई करावीशी वाटली. २०२१ साली ६२ देशांतली माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा पुरुषपण डळमळीत असतं हा समज कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच सापडला. प्रयोगातले ते पुरुष प्रौढ होते, हेही लक्षात घ्यायला हवं. ज्याला अजून नीट मिसरूडही फुटलेली नाही, त्याची काय कथा?

शिवाय चौदाव्या वर्षी मेंदूही काही मदत करत नाही. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की अजून थोडं पुढे रेटायचं, असा तो खेळ. एकटे असताना किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं साधारण सारखाच धोका पत्करत होती. बरोबरीचे दोघे शेजारी बसवल्यावर १३ ते १६ वयाच्या मुलांचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. चोविशी ओलांडलेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. २०११ च्या पुढच्या प्रयोगात तर मित्र दुसऱ्या खोलीत होते, फक्त पडद्यावर बघत होते. तरीही खेळणाऱ्या मुलाच्या मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग जास्त जागा झाला. म्हणजे मित्रांनी ‘चल, मार’ म्हणायचीही गरज नसते, त्यांचं नुसतं बघणं पुरतं.

आपण दबाव म्हणतो तेव्हा धमकावणारं टोळकं डोळ्यांसमोर येतं. रोजचा दबाव बहुतेक वेळा असा नसतो. तो एका हसण्यात असतो, ‘काय रे, फाटली का?’ मध्ये असतो, ‘दम नाही तर घरी जा’ मध्ये असतो. ‘बायल्या’, ‘मुलीसारखा काय रडतोस’, ‘बांगड्या भर हातात’. या सगळ्या शब्दांचा रोख एकीकडेच आहे: तू आमच्यातला नाहीस, तू तिकडचा आहेस. आणि ‘तिकडे’ म्हणजे मुलींकडे, किंवा जे पुरेसे पुरुष नाहीत असं ठरलंय त्यांच्याकडे. सी. जे. पॅस्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत दीर्घकाळ राहून मुलांचं बोलणं टिपलं. समलिंगी व्यक्तींसाठीची शिवी तिथे सतत उडत असे, पण जिच्यावर ती उडत असे ती व्यक्ती समलिंगी आहे की नाही याच्याशी तिचा फारसा संबंध नसे. कुणी नाचला, कुणी मित्राला जास्त जवळ घेतलं, कुणी एखाद्या कामात गोंधळला की शिवी त्याच्यावर. मग ज्याच्यावर ती आली त्याने ती चटका बसल्यासारखी दुसऱ्यावर टाकायची. कुणी बाण मारतोय असं बाहेरून दिसतं तेव्हा तो पुष्कळदा स्वतःवरची पाळी टाळत असतो.

या खेळात मुलांच्या हातून जे जातं त्याचा हिशेब आपण फार उशिरा करतो. नायोबी वे यांनी अमेरिकेतल्या शेकडो मुलग्यांशी वर्षानुवर्षं, तीच मुलं मोठी होत असताना, बोलणं चालू ठेवलं. तेरा-चौदा वर्षांची मुलं आपल्या जिवलग मित्राबद्दल ज्या ओढीने बोलतात ती वाचून मोठ्यांना आश्चर्य वाटतं. गुपितं कुणाला सांगायची, कुणावर भरवसा ठेवायचा, तो नसता तर काय झालं असतं, हे सगळं ती उघडपणे बोलतात. सोळा-सतराव्या वर्षी त्यांतलीच बरीच मुलं सांगतात की आता तसं कुणी नाही, आणि त्याची खंतही बोलून दाखवतात. मधल्या दोन-तीन वर्षांत त्यांची गरज संपली नव्हती. तसं बोलणं बायकी ठरेल ही भीती मात्र त्या काळात पक्की झाली होती. आपण मग म्हणतो, मुलगे मुळातच मनातलं बोलत नाहीत. बोलत होते की, परवा-परवापर्यंत.

आकडेवारी पुढचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगभरात आत्महत्येने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. पंचविशीच्या आतले तरुण रस्ता अपघातात तरुणींच्या जवळजवळ तिप्पट मरतात. खुनाच्या बळींमध्ये साधारण ८० टक्के पुरुष असतात आणि संशयितांमध्ये ९० टक्के. यातलं सगळंच मर्दानगीच्या माथी मारता येणार नाही. हत्यारांची उपलब्धता, बेकारी, दारू, जे साधन हाताशी येतं ते किती जीवघेणं आहे, अशी अनेक कारणं त्यात मिसळलेली असतात. पण मदत मागणं म्हणजे हरणं, मागे फिरणं म्हणजे घाबरणं, असं चौदाव्या वर्षी मनात बसलेला माणूस चाळिशीतही डॉक्टरकडे आणि मित्राकडे उशिराच जातो, हे कळायला संशोधनाची गरज नाही. आणि ही किंमत मोजणाऱ्यांत फक्त मुलगे नाहीत. ग्रुपमधला तो फोटो ज्या मुलीचा होता, तिला या सगळ्या चर्चेत कुणी विचारलेलंच नसतं.

आता सल्ल्यांकडे येऊ. घरी, शाळेत, समुपदेशनाच्या तासाला मुलाला काय सांगितलं जातं? ठाम राहा. नाही म्हणायला शीक. सगळे विहिरीत उडी मारतील तर तू पण मारशील का? यातला ‘तू’ जरा बघा. तो एकटा आहे, गर्दीपुढे उभा आहे, त्याला भीती वाटत नाही, त्याला कुणाची गरज नाही, अपमान त्याच्या अंगाला चिकटत नाही. हा तर तोच मर्द झाला, ज्याच्यापासून आपल्याला त्या मुलाला वाचवायचं होतं. ज्या मुलाला एकटं पडण्याची सर्वांत जास्त धास्ती आहे त्याला आपण सांगतो की एकटा पड, आणि त्याला धैर्य म्हणतो. त्याच्याच्याने ते झालं नाही की तो आणखी एका परीक्षेत नापास.

एकटेपणाचं हे गणित सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्येच करून दाखवलं होतं, योगायोगाने तरुण पुरुषांवरच. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागी विद्यार्थ्याने डोळ्यांना धडधडीत दिसणारं सोडून अशा वेळी साधारण तीनांत एकदा गर्दीचं उत्तर दिलं. हे सगळ्यांना माहीत असतं. प्रयोगाचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही. त्या खोलीत फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की गर्दीमागे जाण्याचं प्रमाण कोसळलं, दहा टक्क्यांच्याही खाली गेलं. इतकंच काय, तो वेगळा बोलणारा स्वतःही चुकीचंच उत्तर देत असला, गर्दीपेक्षा निराळं आणि तरी चूक, तरीसुद्धा दबाव बराच ढिला पडला. आणि तो मध्येच गर्दीला जाऊन मिळाला की प्रमाण पुन्हा वर गेलं.

म्हणून मुलाला शिकवायचंच असेल तर पहिला विरोध करायला शिकवण्यापेक्षा दुसरा आवाज व्हायला शिकवावं, असं मला वाटतं. ते जमण्यासारखं आहे. कुणीतरी अर्धवट ‘जाऊ दे ना यार’ म्हटलं, तर ‘हो, सोड’ एवढंच म्हणायचं. ग्रुपमध्ये कुणी हसलं नाही, विषय बदलला, तर त्या बदललेल्या विषयावर पहिला मेसेज टाकायचा. ज्याची टर उडवली त्याला रात्री वेगळा मेसेज करायचा. भाषण द्यायला नको, नैतिक उंची गाठायला नको. कॅनडात हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी शाळेच्या मैदानावरच्या दादागिरीचं चित्रीकरण करून २००१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते इथे उपयोगी आहेत. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. मध्ये पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वेळा दादागिरी दहा सेकंदांत थांबली. दहा सेकंद. आपण ज्याला ‘मुलांचा स्वभाव’ म्हणतो तो इतका तकलादू असतो, फक्त त्याला हात लावून बघणारा कमी वेळा भेटतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळेच मुलगे मनातून भले आहेत आणि फक्त गैरसमजात अडकलेत, असं मी म्हणतोय का? नाही. काहींना खरोखर पटलेलं असतं, आणि आजकाल ते पटवून देणारा एक मोठा ऑनलाइन धंदा आहे. जिम, पैसा, थंड चेहरा, बायका म्हणजे जिंकण्याच्या वस्तू, नाही तर शत्रू. ‘अल्फा’ व्हा, म्हणजे कळपाचा म्होरक्या; ‘सिग्मा’ व्हा, म्हणजे कुणाचीच गरज नसलेला एकटा. (‘अल्फा’ची कल्पना लोकप्रिय झाली ती पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून. तिचा प्रसार करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप बहुधा एक कुटुंब असतो आणि त्याचं नेतृत्व म्हणजे आईबाप. व्हिडिओंपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.) पण असे व्हिडिओ का चालतात, हेही बघायला हवं. एक तर ते अशा मुलाशी बोलतात ज्याच्याशी घरात ‘मार्क किती पडले’ याखेरीज कुणी बोलत नाही. त्याच्या एकटेपणाला ते नाव देतात, नियम देतात, शत्रू देतात. दुसरं म्हणजे खालच्या कमेंट. ज्याला पटलं तो लिहितो, ज्याला किळस आली तो अंगठ्याने वर सरकवतो. त्या पंधरा वर्षांच्या मुलाला हजारो ‘भाई खरं बोलला’ दिसतात, सरकवणारे लाखभर दिसत नाहीत. म्हणजे बारा जणांच्या ग्रुपमधलाच प्रकार, प्रचंड आकारात. जे खरोखर मानतात ते थोडे असतात; गप्प बसणारे त्यांना बहुसंख्य करून ठेवतात.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो: मग काय मुलांनी भित्रं व्हायचं? कणखरपणा वाईट का? नाही, मुळीच नाही. सहनशक्ती, मित्रासाठी उभं राहणं, जबाबदारी अंगावर घेणं, हे गुण जगाला हवेच आहेत आणि मुलग्यांना त्यांचं आकर्षण वाटतं यात लाजण्यासारखं काही नाही. उठसूट ‘विषारी मर्दानगी’ म्हणत मुलांपुढे बोट नाचवणाऱ्यांशी माझं पटत नाही ते इथे. ज्याला अजून स्वतःचा आवाजही नीट फुटलेला नाही, त्याला आपण गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं तर तो जिथे त्याला रांगेतून बाहेर काढतात तिथेच जाणार. मात्र कणखरपणाचं कौतुक करणाऱ्या काका-मामांनीही एक तपासून पाहावं. मैदानावर गुडघा फुटूनही खेळणाऱ्या मुलाची पाठ आपण थोपटतो. ‘तिच्याबद्दल असं बोलू नको’ असं मित्राला सुनावून आलेल्या मुलाची थोपटतो का? त्याला जास्त हिंमत लागली होती.

मोठ्यांचा वाटा इतका उघड असताना आपण त्याला ‘मुलांचा आपसातला मामला’ कसं म्हणतो, हे मला कळत नाही. संघाचा प्रशिक्षक ‘काय मुलींसारखे खेळताय’ ओरडतो. शिक्षक मुलांत झालेली मारामारी मिटवताना ‘मर्दासारखे हात मिळवा’ म्हणतात. बाप जेवताना मोबाइलवर आलेला विनोद वाचून दाखवतो, आई कसनुसं हसते, मुलगा दोघांकडे बघतो. घरातसुद्धा हसणारे आणि गप्प बसणारे असतातच.

याच प्रशिक्षकाला हाताशी धरून उलटं काम करता येतं, याचा पुरावा आहे. एलिझाबेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो भागातल्या १६ शाळांत एक चाचणी घेतली. काही शाळांत खेळाच्या प्रशिक्षकांनी हंगामभर, आठवड्यातून थोडा वेळ, मुलींशी आदराने वागण्याबद्दल खेळाडूंशी बोलायचं, एवढंच. २०१२ मधले निष्कर्ष असे की या मुलांमध्ये सोबतच्या मुलांचं वाईट वागणं दिसल्यावर मध्ये पडण्याचं प्रमाण वाढलं. वर्षभरानंतर त्यांच्या स्वतःच्या प्रेमसंबंधांतल्या त्रास देण्याच्या वागणुकीतही घट दिसली. बोलणारा माणूस कोण होता हे इथे निर्णायक असावं. तोच संदेश पाहुण्या वक्त्याने सभागृहात दिला असता तर मुलांनी तास बुडाल्याचा आनंद मानला असता.

घरापुरतं म्हणाल तर आईबापांनी मुलाचा बहाणा व्हायला तयार असावं. ‘बाबा घरात घेणार नाहीत’, ‘आई फोन तपासते’ असं सांगून मुलगा एखाद्या गाडीतून, पार्टीतून, ग्रुपमधून बाहेर पडत असेल तर पडू द्या. काही घरांत ठरलेला एक मेसेज असतो. तो आला की आईने किंवा वडिलांनी फोन करून ‘ताबडतोब घरी ये’ म्हणून दरडावायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. मुलाची अब्रू वाचते, आपली जाते. स्टाइनबर्ग यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की मित्रांच्या दबावापुढे टिकण्याची ताकद १४ ते १८ या वयात हळूहळू वाढत जाते. तेवढी वर्षं खलनायक होणं काही फार अवघड नाही.

शाळांचं काम मोठं आहे आणि तिथे नेहमीची चूकही ठरलेली आहे. असा काही उपक्रम निघाला की वर्गातला सर्वांत शहाणा, वही स्वच्छ ठेवणारा मुलगा पुढे केला जातो. बेट्सी लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतल्या ५६ शाळांत, २४,००० हून अधिक मुलांमध्ये, वेगळा रस्ता धरला. आधी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारलं की गेल्या काही आठवड्यांत तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवलास. त्यावरून कुणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं हे कळलं. मग निम्म्या शाळांत मुलांचा एकेक छोटा गट सोडत पद्धतीने निवडला. भांडणं आणि छळ याविरुद्ध काय करायचं ते त्या मुलांनीच ठरवायचं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या शाळांत मुलांच्या भांडणांबद्दलच्या शिस्तभंगाच्या नोंदी वर्षभरात ३० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ज्या गटांत सगळ्यांचं लक्ष असणारी मुलं जास्त आली तिथे परिणाम अधिक होता. अशी मुलं प्रत्येक कंपूत असतात, शेवटच्या बाकावरच्या कंपूतही. शिक्षकांच्या यादीत त्यांची नावं क्वचितच येतात. मुलांना विचारलं तर ती लगेच सांगतात.